भुंगेऱ्यांचे राखणदार

माझ्या सासऱ्यांइतका किड्यांचा मान राखणारा माणूस शिरूर-दौंड या दोन तालुक्यांत झाला नसेल, आणि एका परीने ते बरंच आहे. उभा जन्म मेंढरांमागे गेलेला. गुडघे कुरकुरायला लागले तसा त्यांनी कळप विकला आणि दौंडकडच्या गावातलं घर बंद करून ते शिरूरला आमच्याकडे आले. आले म्हणजे काय, पिशवी खुंटीला अडकवून बसले. "चार दिस राह्यतो," हे रोज सकाळी ठरलेलं. तिकडे ते एकटेच राहणार म्हणून माझ्या बायकोचा जीव टांगणीला. आबांनी कसंही करून इथेच राहावं, एवढंच तिचं मागणं होतं.

त्यांना थांबवलं ते आमच्या अंगणातल्या लिलीवर पडलेल्या तांबड्या भुंगेऱ्यांनी. पानांची पार चाळणी झालेली. मी औषध फवारतो म्हटलं तर सासरे कडाडले, "मुक्या जिवावर इख? न्हाई जमायचं!" जन्मात कधी मटणाला नाही न म्हटलेला हा माणूस! मग रोज सकाळी त्यांचा फेरा सुरू झाला. सावली पडली की हा किडा टपकन मातीत पडतो आणि दिसेनासा होतो, म्हणून पानाखाली आधी तळहात धरायचा, हे त्यांनी दुसऱ्याच दिवशी ओळखलं. सापडलेले किडे डब्यात घालून घोडनदीच्या पलीकडे सोडून यायचे. पण तेच परत येतात की नवे येतात? मेंढरांना रंगाची खूण करतात, तसा सासऱ्यांनी तंबाखूच्या डबीतला चुना काडीने घेऊन प्रत्येकाच्या पाठीवर ठिपका ठेवला! "आज ठिपक्याचं एकबी न्हाई," असं ते चहा घेता घेता समाधानाने सांगत. 'चार दिस' बंद झालं. बायको हसायला लागली.

आणि मी दीडशहाणा! म्हाताऱ्या माणसाला वाकावं लागतं, गुडघे दुखतात, म्हणून ते दाढीला गेले असताना औषध मारलं. तिसऱ्या दिवशी लिली स्वच्छ. मला वाटलं, रागावतील. त्यांनी चार पानं उलटून पाहिली, हात झटकले. "झालं पाव्हणं. एका रानातलं काम सरलं की मेंढरांचा वाडा हलवायचा." दुपारच्या येष्टीने गेलेसुद्धा. बायको आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलली.

पुढच्या पावसाळ्यात लिली अशी फुलली की रस्त्याने जाणारी माणसं थांबायची. किडा एकही नाही. मला ती फुलं बघवेनात. शेवटी त्यांच्या गावातल्या किराणा दुकानात फोन लावला, त्यांना फोनवर बोलावून घेतलं आणि धडधडीत खोटं बोललो.

"मामा, भुंगेरे लई झालेत."

"व्हय? कसल्या रंगाचे?"

मी गडबडलो. "काळे."



"काळे?" ते हळूच म्हणाले. "म्हंजी नवीनच जात हाय. फवारू नका. सकाळच्या गाडीनं येतो."