खिडकीतून टाकलेला सदरा

गुडीहत्नूरच्या स्टँडवर आमची आदिलाबादची बस लागली, तसा एका काकांनी अंगातला सदरा काढून खिडकीतून आत टाकला आणि माझ्या शेजारची सीट धरली. मग आत येऊन त्या सदऱ्यावरच ऐसपैस बसले. अंगात फक्त जाळीची बनियन.

पलीकडच्या सीटवर बिनबाह्यांच्या ड्रेसमधली एक मुलगी होती. मोबाइलवर सिनेमातले नाच मोठ्या आवाजात लावून काका मला म्हणाले, "या सिनेमानंच पोरी बिघडवल्या. खांदे पाहा, उघडेच!"

मी म्हणालो, "काका, तुमी सदरा तं घाला."

काख खाजवत ते हसले. "गरमी होऊन राह्यली ना. अन् मले कोन पाहून राह्यलं?"

सारी बस त्यांच्याकडे पाहत होती. ती मुलगी तेवढी खिडकीबाहेर बघत होती.