कप्प्याचा कोपरा

आमच्या गोदामात आता कपाटच माझ्यापाशी चालत येतं. खालचा चपटा रोबो ते उचलून आणतो, हव्या त्या कप्प्यावर हिरवा दिवा लागतो, मी वस्तू काढून खोक्यात भरते. चूक म्हणून होत नाही.

पूर्वी हा माल शालनताई आणायची, निम्म्या वेळा भलताच. "चालून चालून पाय गेले गं माझे," म्हणायची. पण टोपलीच्या कोपऱ्यात मिठात घोळलेलं चिंचेचं बोटूक हमखास असायचं, माझ्यासाठी.

रोबो आले, तिचं काम संपलं, ती गावी गेली. पायांना विसावा मिळाला तिच्या, असं मीच सगळ्यांना सांगते.

तरी वस्तू काढल्यावर माझा हात कप्प्याच्या कोपऱ्यात उगाच चाचपत राहतो. कपाट निमूट उभं असतं. माणसाचा हात बाहेर निघेपर्यंत हलायचं नाही, एवढं त्याला शिकवलंय.