गोठ्यातला पहारा

आमच्या आईचा कुणावरच विश्वास नव्हता. दूध घटलं की तिला आधी माणूस आठवायचं, म्हैस नंतर. सत्तरच्या दशकात, कळंबला, तिला आठवली काकी. काका माथेरानच्या हॉटेलात कामाला, म्हणून काकी आमच्यात राहायची आणि म्हशीचं दूध काढायची. रेडकू मेल्यापासून म्हैस फक्त तिच्याच हाताला पान्हावत होती. काकी कास कोमट पाण्याने धुवायची, थोपटायची, मग धार लागायची.

"हिच्या भावाकडं जातंय दूध, नेरळला," आई बाबांना म्हणाली. "खरं निघालं तर माहेरीच धाडीन."

दुसऱ्या दिवसापासून आई गोठ्याच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी. म्हैस कान ताठ करून तिच्याकडेच बघत राहिली. दुधाने कासंडीचा तळ जेमतेम झाकला. आईला वाटलं, आपण येण्याआधीच हिने काढून घेतलं. ती आणखी लवकर जाऊ लागली, दूध आणखी घटलं. मग मीही काकीच्या पदराआड काय आहे ते न्याहाळू लागले.

मी तेव्हा कॉलेजात शास्त्र शिकत होते. सर एकदा म्हणाले, पान्हा सोडवणारं संप्रेरक मेंदूतून येतं. ओळखीच्या स्पर्शाचा निरोप पोचला तरच ते रक्तात सुटतं. जनावर घाबरलं की ते संप्रेरक अडून राहतं. ते मज्जातंतूंच्या टोकाशी बारीक पुड्यांत बांधून ठेवलेलं असतं आणि निरोप आला की काही प्रथिनं एकमेकांत गुंतून पुडी कडेला ओढतात व मोकळी करतात, हे पुढे मी स्वतः वर्गात मुलींना शिकवलं. पण त्या दिवशी एवढं कळायला सरांचं बोलणं पुरेसं होतं. चोर कुणीच नव्हतं. रेडकू गेल्यावर थोडं घटलेलं दूध आईच्या पहाऱ्याने पुरतं अडवलं होतं.

"एक दिवस गोठ्यात जाऊ नको," मी आईला म्हटलं.

"तुला काय खायाला घातलंय गं काकीनं?"

तरी मी तिला हट्टाने चुलीपाशी बसवून ठेवलं. थोड्या वेळाने काकी आली. कासंडी काठोकाठ, वर फेस. काकी कितीतरी दिवसांनी हसत होती. मलाही इतका आनंद झाला की मी उठून उभी राहिले.

आईने दुधात बोट बुडवून जिभेला लावलं.

"पानी किती घातलंस गं?"

काकीने कासंडी खाली ठेवली. "आता मीच जाते, ताई," एवढंच म्हणाली, आणि दुपारी पेटी घेऊन नेरळला गेली. मला आईचा असा संताप आला की दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही.

म्हशीने त्यानंतर कुणालाच पान्हा सोडला नाही. आई शेवटपर्यंत सांगत राहिली, "जाताना म्हशीला कायतरी करून गेली ती."