ओतून दिलेलं पाणी

तात्यांनी पिंपाच्या काठाला दोन्ही हात लावले, गुडघा टेकवला आणि पिंप आडवं केलं. भर दुपारी. बहात्तरच्या दुष्काळात, सांगोल्याकडच्या आमच्या गावच्या रस्त्याच्या कामावर. टँकर दिवसाआड यायचा, त्या शनिवारी सकाळीच येऊन गेला होता. पाणी खडीत शिरलं आणि जमिनीनं आवाजही न करता पिऊन टाकलं. शंभरेक माणसं ओठ फुटलेल्या तोंडांनी बघत उभी. माझी आय हातात लोटा धरून उभी. तिची बोटं ओली होती. तेवढीच.

"बाटलं," तात्या म्हणाले. बस.

पाणी आयनं बाटवलं, असं सगळे म्हणाले. खरं म्हणजे ते मी बाटवलं. माझ्या हुशारीनं.

मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. सोलापुरात कॉलेजात शिकायचो. दर रविवारी सकाळी आमच्या सरांचा मार्क्सवादाचा अभ्यासवर्ग असायचा, मागांच्या कारखान्यावरच्या खोलीत. खाली माग सुरू झाले की सरांना ओरडून शिकवावं लागे. मी त्यांचा लाडका. कारण ते जे म्हणत तेच मी पुढच्या रविवारी जास्त जोरात म्हणायचो. माणूस भाकरी कशी मिळवतो, तो पाया. धर्म, जात, रीतीभाती हा वरचा इमला. पाया हलला की इमला पडतो. मला हे फार आवडलं. आपल्याला काहीच करावं लागत नव्हतं ना. जात आपोआप कोसळणार, मी बाजूला उभं राहून सदऱ्यावरची धूळ झटकणार.

दुष्काळ पडला तसे सर म्हणाले, "गावी जा. जमीनवाला आणि बिनजमीनवाला एकाच खडीवर बसलेत. बघ आणि टिपण लिहून आण."

टिपण मी एसटीतच लिहून काढलं. सात पानं. निष्कर्ष शाईनं लिहिला. निरीक्षणं नंतर भरू म्हणून जागा कोऱ्या ठेवल्या.

आणि कामावर पोचलो तर सगळं जमतच गेलं की! ज्या तात्यांच्या रानात आयची उमर गेली, ते तात्या तिच्यापासून चार हातांवर खडी फोडत होते. तोच हातोडा, तीच हजेरी, खायला तीच सरकारी सुकडी. तात्यांना हातोडा धरता येत नव्हता. बोटं सोलून निघाली होती. आयनं पदराची चिंधी फाडून त्यांच्यापुढं टाकली. त्यांनी ती उचलून बोटाला गुंडाळली. मी लगेच एक कोरी जागा भरली.

पाण्याचं मात्र वेगळं होतं. तात्यांच्या जातवाल्यांचं पिऊन झालं की त्यांच्यातली एक बाई आमच्या ओंजळीत वरून पाणी घालायची. त्या शनिवारी तिला ताप आला, ती आलीच नाही. आमच्या बायका तासभर पिंपापाशी ताटकळल्या.

मी आयला म्हणालो, "घे की सवताच्या हातानं. तात्यांत नि तुझ्यात आता काय फरक ऱ्हायलाय?"

"तुझ्या सरांनी बघितलंय का हितं येऊन?"

"आगं, शास्त्र हाय त्ये."

शास्त्र म्हटल्यावर तिनं पदर खोचला. शिकलेल्या लेकावर तिचा लई विश्वास. तिनं लोटा बुडवला. तोंडाला लावायच्या आत तात्या उठले होते.

सकाळपासून तात्याही नीट पाणी प्यालेले नव्हते. कोरडी जीभ ओठांवरून फिरवताना मी त्यांना बघितलं होतं. पिंप आडवं करणाऱ्या बोटाला आयचीच चिंधी होती. संध्याकाळी घरी जाताना त्यांची नात पाण्यासाठी रडत होती आणि ते तिला नुसतं थोपटत होते.

आयची जीभ टाळ्याला चिकटली होती. वाटेत एवढंच म्हणाली, "पोरगी रडतीया रं त्यांची."

तिनं रागवायला पाहिजे होतं. मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं सोलापूर गाठलं. खोली भरलेली होती. बाहेरगावची मंडळी माझं टिपण ऐकायला आली होती. सरांना मी दारातच सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"वाईट झालं. पण हा अपवाद. इमला पडायला वेळ लागतो."

"सर, तात्यांनाही तहान लागली होती. तहान म्हणजे पाया की इमला?"

"तू भावनेच्या भरात आहेस. लिहून आणलंयस तेच वाच. एकजुटीला हे आत्ता परवडणार नाही."

एकजूट. तिच्यात आय कुठं बसत होती, ते मला दिसेना.

मी उभा राहिलो. सात पानांची घडी करून खिशात घातली आणि पिंपाचं सांगू लागलो. सर म्हणाले, "थांब." मी थांबलो नाही. खाली माग सुरू झाले, तसा आवाज चढवला. पुढं बसलेल्या एका विणकरानं मान खाली घातली. टाळी कुणीच वाजवली नाही.

बोलता बोलता एक गोष्ट माझ्याच लक्षात आली. सिद्धांत माझा होता, पण पिंपात हात मी आयचा घालायला लावला. मी चार पावलं मागं, वही घेऊन उभा होतो.

दुपारच्या एसटीनं परत निघालो. सोमवारी टँकर येणार होता. पिंप भरलं की पहिला लोटा कुणाचा बुडणार, हे ठरलं होतं. आयला सांगितलं नाही. सरांनाही विचारलं नाही. पिंप आडवं करायचंच असेल, तर आधी मला आडवं करावं लागेल.