मी फळ्याला शिकवत होतो

लोणी काळभोरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी शिकवायला लागलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. बांधकामातल्या तुळयांवर भार कसा पेलला जातो, हा माझा विषय. तो मला चांगला येत होता. तरी वर्गाची भीती वाटायची; सकाळी हडपसरला बस बदलताना वाटायचं, उलटी बस पकडून घरी जावं. त्यावर मी एक युक्ती काढली होती. आत शिरलो की खडू उचलायचा आणि तास संपेपर्यंत वहीतली गणितं फळ्यावर उतरवत राहायचं. मागे वळायचंच नाही.

पहिल्याच महिन्यात एका मुलानं माझी आकडेमोडीतली चूक दाखवली होती. वर्ग हसला, तोही थोडाच. पण ते हसू पुढे कित्येक दिवस माझ्या कानात राहिलं. तेव्हापासून हे सुरू झालं.

वर्षअखेरीला स्वतःचं मूल्यमापन करायचा फॉर्म आला. नोकरी कायम होण्यासाठी तो महत्त्वाचा. मी अध्यापनासाठी स्वतःला दहापैकी नऊ दिले आणि 'विद्यार्थ्यांशी उत्तम संवाद' असंही लिहून टाकलं.

आमच्या विभागप्रमुख नारायण पेठेतल्या बाई होत्या. त्यांनी फॉर्म वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"एक मार्क का कापलात? काही विशेष कारण?"

मग त्यांनी मुलांनी नाव न घालता लिहिलेल्या अभिप्रायांची चळत माझ्यापुढे सरकवली. वरच्याच कागदावर होतं, 'सर फळ्याला शिकवतात. आमी मागं हाय.'

राग यायला हवा होता. आली ती लाज.

"हा फॉर्म कुणीतरी दुसऱ्यानं भरलाय," बाई म्हणाल्या. "उद्या आपण स्वतः भरलेला आणा."

घरी बसून मी नवा फॉर्म भरला. विषय येतो. वर्गाची भीती वाटते. कुणी प्रश्न विचारला की 'पुढच्या तासाला बघू' म्हणतो आणि बघत नाही. गुण पाच. बायकोला दाखवला, तर ती म्हणाली, "सहा तरी लिही रे." मी पाचच ठेवले.

बाईंनी तो सावकाश वाचला. या वेळी त्यांचा आवाज मऊ होता. "हे वर गेलं तर यंदा कायम होणं लांबेल. कल्पना आहे ना?"

"आहे," मी म्हणालो. खरं तर नव्हती.

"मग सही करा. आणि उद्यापासून पहिली दहा मिनिटं खडूला हात लावायचा नाही. मी शेवटच्या बाकावर बसेन. काही बोलणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी मुलांसमोर उभा राहिलो. खडूकडे जाऊ नयेत म्हणून हात पाठीमागे बांधले. ठरवून आणलेलं पहिलं वाक्य आठवेना, तेव्हा जे खरं होतं तेच बोललो. "मागच्या तासाचं गणित मी भरभर उरकलं. कुणाला कळलं नसेल तर आज परत करू."

दुसऱ्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, आम्हाला पहिल्या तासापासूनच कळलं नाहीये."

वर्ग हसला. मलाही हसू आलं. दहा मिनिटांनी खडू घेऊन मी अगदी मुळापासून सुरुवात केली. मध्येच अधिक-उण्याची चूक झाली. एरवी ती खोडून मी पुढे पळालो असतो; आज मागे वळून विचारलं, "कुठे चुकलं?" चौघांनी एकदम सांगितलं. मी दुरुस्त केलं आणि तास पुढे गेला. बाई घंटेआधीच उठून गेल्या होत्या, ते मला कळलंही नाही.

त्या वर्षी माझी नोकरी कायम झाली नाही. माझ्यानंतर लागलेला एक सहकारी आधी कायम झाला, आणि ते मला बरेच दिवस लागून राहिलं. मी पुढच्या वर्षी झालो.

भीती गेली असं नाही. जुलैत नवा वर्ग समोर यायचा असला की अजूनही घास उतरत नाही, नुसत्या चहावर निघतो. पण आता मी ते पहिल्याच तासाला मुलांना सांगून टाकतो. तोंडी परीक्षेला घाबरणारी दोन-चार मुलं मग केबिनमध्ये येतात. आपल्याला काय येतं आणि काय येत नाही, ते मी त्यांना कागदावर लिहायला लावतो. बहुतेक जण येत असलेलं लिहायचं विसरतात.