खंडेनवमीची केबल

बसवंतअप्पा कीबोर्डला हात लावण्याआधी समोरच्याला विचारायचे, "तुमाला नेमकं काय मापायचंय?" उत्तर मिळेपर्यंत त्यांचं बोट हलायचं नाही. लातूरच्या आमच्या कॉलेजात ते संगणकांची लॅब सांभाळत; मी नवी प्राध्यापिका. मला या प्रश्नाचा भारी राग यायचा. अहो, नेटवर्क मंद आहे, आणखी काय सांगायचं!

अप्पा उदगीरच्या आडत दुकानात वाढलेले. "तुरीचं माप तेलाला चालत न्हाई, म्याडम," म्हणायचे. "निरोप किती वेळात जाऊन येतो ते पिंग सांगतंय. दोन मशिनींत माल किती जातोय ते आयपर्फला इचारा. समदी हत्यारं एकदम काढली की डोस्कं फिरतंय."

एका दसऱ्यानंतर लॅबमध्ये सर्व्हरवरच्या फायली रांगत येऊ लागल्या. सर्व्हर माझ्याच हट्टाने घेतलेला, आणि माझी नोकरी अजून कच्ची. प्राचार्यांनी बजावलं, "परीक्षेआधी सुधारलं नाही, तर लेखी खुलासा द्या." मी घाबरून ब्राउझरमध्ये इंटरनेटचा वेग तपासला, तर तो झकास! अप्पा हसले. "तुमी बाहेरचा रस्ता मापताय. खोळंबा घरात हाय."

त्यांनी लॅबमधल्या दोन लिनक्स मशिनींमध्ये आयपर्फ चालवलं. वेग सेकंदाला हजार मेगाबिटच्या जवळ. मग तेच सर्व्हरशी केलं, तर जेमतेम चौऱ्याण्णव. "हजाराची वाट शंभराच्या आत घसरली, म्हंजी सर्व्हरची तार जखमी हाय," म्हणत ते गुडघ्यांवर बसून तारेच्या मागे निघाले. लोखंडी कपाटापाशी थांबले. कपाटाचा पाय केबलवर होता. खंडेनवमीला सर्व्हरची पूजा करताना रांगोळीला जागा हवी म्हणून ते कपाट अप्पांनीच सरकवलं होतं.

तेवढ्यात प्राचार्य दारात उभे. ही गोष्ट आम्हा दोघांनाच ठाऊक होती. अप्पांच्या जागी मी असते तर गप्प बसले असते, खोटं कशाला बोलू.

"सर, म्याडमचा सर्व्हर खणखणीत हाय," अप्पा उठत म्हणाले. "गलती माझी. हत्याराची पूजा केली आन् त्याच्याच गळ्यावर पाय ठिवला!" आणि स्वतःच खदखदून हसले. प्राचार्यांनाही हसू आवरेना. नवी केबल लावली, वेग नऊशे चाळीस झाला, आणि मला अप्पांच्या पाया पडावंसं वाटलं.

निवृत्त होताना त्यांनी ती चेंगरलेली केबल माझ्या हातात ठेवली. खंडेनवमीला सर्व्हरच्या आधी मी तिला कुंकू लावते. कपाट मात्र कुणालाही हलवू देत नाही.