लोरेटाचा कानोसा

लोरेटा क्वामेने आमच्या गावच्या शाळेची बस चालवण्यात आयुष्य काढलं. रुळांपाशी बस थांबवायची, दार उघडून कानोसा घ्यायचा आणि मगच पलीकडे जायचं, हा नियम तिच्या अंगात असा भिनला की निवृत्तीनंतरही सुटला नाही. स्वतःच्या गाडीतूनही ती रुळांपाशी थांबून काच खाली करते. तिथून मालगाडी आठवड्यातून कशीबशी एकदा जाते. मागच्या गाडीत तिचा भाऊ ऑरिन असला, तर तो हॉर्न बडवत बसतो.

गेल्या ऑक्टोबरात तिच्या विहिरीपासून घरापर्यंतचा पाण्याचा पाइप फुटला. जमीन गोठायच्या आत नवा पुरला नाही, तर हिवाळाभर ऑरिनकडे राहायची वेळ येणार होती. “त्यापेक्षा गोठून मेलेलं बरं,” असं ती त्याच्या तोंडावर म्हणाली. मग तिने आपल्या छोट्या ट्रॅक्टरच्या मागे बॅकहो, म्हणजे खोदायचा लांब लोखंडी हात, जोडला. चर गॅसच्या पाइपला आडवा जाणार होता. म्हणून गॅस कंपनीचा माणूस येऊन त्या पाइपच्या वर पिवळे झेंडे रोवून गेला. झेंड्यांजवळ मात्र फावड्यानेच खणायचं असतं.

शनिवारी आम्ही बघायला जमलो. दुसऱ्याचं खोदकाम बघत उभं राहणं आमच्याकडे शेजारधर्मात मोडतं. लोरेटा सीटवर उलटी बसली, ट्रॅक्टर हलू नये म्हणून बॅकहोचे दोन्ही लोखंडी पाय जमिनीवर टेकवले आणि भराभर चर खणू लागली. झेंडे अजून बरेच लांब होते, तरी तिने मध्येच इंजिन बंद केलं आणि इकडेतिकडे बघत कान दिला.

“काय गं, जमिनीखालून रेल्वे येतेय का?” ऑरिन म्हणाला. आम्ही सगळे हसलो.

“गप रे. सवय आहे.”

तेवढ्या शांततेत ऑरिन मला फुशारकीने सांगू लागला, “गवत बघितलंस? काल मीच कापलं, हिला मदत म्हणून. ते झेंडे मध्ये येत होते. उपटले आणि परत लावले.”

लोरेटाने मान वळवली. “कुठे लावलेस?”

“होते तिथेच. साधारण.”

ती खाली उतरली, फावडं घेतलं आणि बॅकहोचा पुढचा घास जिथे पडणार होता तिथे हळूहळू माती काढू लागली. गुडघाभर खाली गॅसचा पिवळा पाइप दिसला. त्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

ऑरिन पांढराफटक पडला होता. लोरेटा मातीतच बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

“लोरेटा, मी...”

“आधी ते झेंडे इकडे आण.”

संध्याकाळी तिच्या नळाला पाणी आलं. ऑरिननेच पहिला पेला भरला आणि तिच्या हातात दिला.

रविवारी चर्चला जाताना ती रुळांपाशी थांबली. मागे ऑरिनची गाडी होती, तिच्यामागे माझी. हॉर्न वाजला नाही. त्यानेही काच खाली केली होती.